न बुडालेली रोसा

दस्तूर साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले, तेव्हा मला वाटलं, जमलं आपल्याला. सहा फुटी माणूस, पांढरी दाढी, मुंबईतला मोठा फॅशन फोटोग्राफर. आयुष्यभर सुंदर बायका बघून बघून निबर झालेला. तो माझ्या इंग्रजीवर रडत होता. शेजारच्या परीक्षक बाईंनी टिश्यूचा डबा त्यांच्याकडं सरकवला आणि सरकवता सरकवता स्वतःसाठीही एक ओढून घेतला.

मी मान जराशी झुकवली. दाद मिळाल्यावर गवई झुकवतो तशी.

तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली मुलगी माझ्याकडं कलली आणि स्पॅनिशमध्ये हळूच म्हणाली, "सेन्योर, कोण मेलं?"

आता मी त्या खोलीत काय करत होतो, ते सांगायला हवं. कारण माझ्याकडं बघून कोणाच्याही मनात सौंदर्य स्पर्धेचा विचार येणार नाही.

मी धंद्यानं गाईड. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या स्पॅनिश पाहुण्यांना लेणी दाखवायची, हे माझं तीस वर्षांचं काम. आमच्या शहरात असे बरेच जण आहेत. कोणी जपानी बोलतो, कोणी फ्रेंच, कोणी जर्मन, आणि घरी गेल्यावर सगळे बायकोपुढं गप्प बसतात. मी मूळचा लासूर स्टेशनचा. वडील तिथल्या मोंढ्यात लिलाव पुकारायचे. कांद्यात नसलेले दोन गुण कांद्याला चिकटवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. ती विद्या माझ्यात वारशानं आली आणि गाईडच्या धंद्यात तिचं सोनं झालं.

कारण गाईडला 'माहीत नाही' म्हणायची सोय नसते. पाहुणा एवढ्या लांबून येतो, उन्हात घाम पुसत एखाद्या झिजलेल्या मूर्तीकडं बोट दाखवतो आणि विचारतो, "ही कोण?" तुम्ही म्हणालात की पुरातत्त्ववाल्यांनाही ठाऊक नाही, तर त्याचा चेहरा पडतो. मग तुम्ही थोडं थांबता, आवाज खाली आणता आणि म्हणता, "हिची एक कहाणी आहे." कहाणी नसते. ती त्या थांबण्यात तयार होते. यात आम्हाला काही गैर वाटत नाही. दगड तक्रार करत नाहीत.

तर एका सकाळी निकम मॅडमचा फोन आला. या बाईंची औरंगपुऱ्यात इव्हेंट कंपनी आहे. बारशापासून बिल्डरांच्या मेळाव्यापर्यंत सगळं करतात. यावेळी त्यांच्या हाती मोठं काम लागलं होतं: एका आंतरराष्ट्रीय सौंदर्य स्पर्धेची पहिली फेरी. फायनल मुंबईत, पण लेण्यांपुढं फोटो काढायचे म्हणून मुलींना आधी आमच्या शहरात आणलं होतं, आणि त्या उतरल्या त्याच हॉटेलात इंटरव्ह्यू राउंड ठेवला होता. स्पॅनिशचा दुभाषा मुंबईहून यायचा होता. तो तापानं आडवा झाला.

"शेळके सर, तुम्हाला स्पॅनिश लई चांगलं येतं ना?"

"मॅडम, माद्रिदची माणसं मला विचारतात, तुम्ही कुठल्या शहरात शिकलात म्हणून."

हे खरं आहे. फक्त ते कौतुकानं विचारतात की काळजीनं, याचा मी कधी शोध घेतला नाही.

घरी मंगलला सांगितलं. आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झालीत की ती माझ्या बातम्यांवर दचकत नाही.

"सौंदर्य स्पर्धा? अन् तुम्हाला बोलावलं?"

"भाषेसाठी."

"तरीच. मला वाटलं, क्रीमच्या जाहिरातीत 'आधी' आणि 'नंतर' दाखवतात, त्यातला 'आधी' म्हणून शेजारी उभं करायला."

खरं सांगायचं तर माझाही या स्पर्धांवर विश्वास नव्हता. सगळं सेटिंग असतं, जिंकणारी आधीच ठरलेली असते, हे मी पानटपरीवर अनेकदा ठामपणे सांगितलेलं. मी निकम मॅडमला म्हणालोसुद्धा, "कोण जिंकणार ते आधी सांगून ठेवा. तिच्या वेळी जरा जोर लावून बोलतो."

त्या घाबरल्या. "सर, हे फर्नांडो मॅडमपुढं बोलू नका. त्यांना विनोद नाय कळत."

मिसेस फर्नांडो या परीक्षक मंडळाच्या प्रमुख. श्रीलंकेच्या, सत्तरीच्या घरातल्या, पूर्वी नृत्य शिकवायच्या. चणीनं एवढ्याशा, पांढरी साडी, आणि पाठ अशी ताठ की त्यांच्यासमोर आपोआप शर्ट खोचावासा वाटे. त्यांनी मला समोर बसवलं आणि काम समजावलं. दुभाष्यानं 'मी' म्हणायचं, 'ती म्हणते' नाही. मुलगी बोलेल, थांबेल, मग तुम्ही बोलायचं. तुमचा वेळ तिच्या वेळात धरला जात नाही, तेव्हा घाई नको.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं. भर घालायची नाही, गाळायचं नाही, सुधारायचं नाही. ती अडखळली तर तुम्ही अडखळा. ती मूर्खासारखं बोलली, तर तुम्ही मूर्खासारखं बोला. जमेल?"

"ते दुसरं मला सहज जमेल," मी म्हणालो. निकम मॅडम खरं बोलल्या होत्या. बाई हसल्या नाहीत.

पण पुढच्या तासाभरात मी जे बघितलं त्यानं माझी पानटपरीवरची भाषणं मला बोचायला लागली. परीक्षक सात. सगळ्यांचे फोन एका पेटीत बंद. एका मुलीच्या आईनं मिठाईचा डबा पाठवला होता. तो चिकटपट्टीसुद्धा न उघडता परत गेला. श्रीलंकेची मुलगी आत यायची वेळ झाली तेव्हा फर्नांडो मॅडम स्वतः उठून बाहेर गेल्या. आपल्या देशाच्या मुलीला मार्क द्यायचे नाहीत हा नियम. पण या बाईंनी दारात तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरगी बिचारी नमस्कार करायला वाकली होती, ती तशीच सरळ झाली.

मार्कांची पद्धत तर मला इतकी आवडली की ती आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाला शिकवावी असं वाटलं. प्रत्येक परीक्षक आपापले मार्क देतो, शेजाऱ्याचं बघायचं नाही, पुढची मुलगी आत यायच्या आधी आकडे बंद. मग सातांपैकी सगळ्यात मोठा आकडा आणि सगळ्यात लहान आकडा काढून टाकायचा, आणि उरलेल्यांची सरासरी. म्हणजे मामानं दिलेले मार्कही कटाप आणि भाऊबंदांनी दिलेलेही कटाप. मधल्या लोकांना जे वाटलं ते खरं. टीव्हीवर झगमगाट दिसतो तो फायनलचा. पण दहा जणी कोणत्या पुढं जाणार, ते या बंद खोलीत ठरत होतं.

माझ्या वाट्याला स्पॅनिश बोलणाऱ्या चौघी होत्या. पहिली कोस्टा रिकाची, डॅनिएला. सौंदर्य म्हणजे काय, असा तिला प्रश्न आला. तिनं काहीतरी गमतीचं उत्तर दिलं. मला ते जरा थिल्लर वाटलं. एवढे मोठे लोक समोर बसलेले, परक्या मुलखात आलेली लेकीच्या वयाची पोरगी. मी तिची अब्रू सांभाळली. तिच्या उत्तराला जरा सभ्य कपडे घातले आणि इंग्रजीत सादर केलं. परीक्षकांनी माना हलवल्या. पुढच्या दोघींच्या वेळी मी फारसा हात लावला नाही; व्याकरण तेवढं नीट केलं.

चौथी मारिसोल. पॅराग्वेची. एका छोट्या गावात शाळेत खेळ शिकवणारी मास्तरीण. उंच, रुंद खांद्यांची, बसताना हात कुठं ठेवावेत हे न सुचणारी. दस्तूर साहेबांनी विचारलं, "तुम्ही मुलींना फुकट पोहायला शिकवता असं कळलं. का शिकवता?"

ती थोडा विचार करून बोलली. "आमच्या गावाशेजारून नदी जाते. मुलगे पोहतात. मुली काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळतात. मला ते आवडायचं नाही. म्हणून शनिवारी शिकवते. बऱ्याच जणी दुसऱ्या शनिवारी येत नाहीत, कारण पाणी गार असतं."

आणि थांबली. तिचा निम्मा वेळ शिल्लक होता.

मी वाट बघितली. ती माझ्याकडं बघत राहिली. सात परीक्षक माझ्याकडं बघत राहिले. झिजलेल्या मूर्तीसमोर पाहुण्यांचा सगळा ग्रुप उभा आहे, आणि सांगायला काही नाही. मी थोडा थांबलो. आवाज खाली आणला. पुढचं माझ्या तोंडानं माझ्या परवानगीशिवाय केलं.

"आमच्या गावाशेजारून नदी जाते," मी इंग्रजीत सुरू केलं. इथवर ठीक होतं. "त्या नदीत माझी बालमैत्रीण रोसा बुडून मरण पावली. सात वर्षांची होती. तिच्या केसांतली लाल रिबन तेवढी पाण्यावर तरंगत होती. ती रिबन हातात घेऊन मी शपथ वाहिली, की माझ्या गावची एकही मुलगी पुन्हा..."

दस्तूर साहेबांनी चष्मा काढला तो इथं.

आणि मग मारिसोल कलून म्हणाली, "सेन्योर, कोण मेलं? तुम्ही 'डाइड' म्हणालात. तेवढं इंग्रजी मला येतं."

"रोसा," मी कुजबुजलो.

"कोण रोसा?"

"तुझी मैत्रीण."

"माझी रोसा नावाची मैत्रीण नाही."

"आता नाही. होती. लहानपणी."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी मंगल भाजीवाल्याच्या काट्याकडं बघते.

"अगं, चांगलंच झालं," मी म्हणालो. "बघ, रडतायत. मार्क देतायत. जा आता, हसत हसत उठ."

समोर खरंच सगळे आकडे टाकत होते. तिला फक्त उठून जायचं होतं. ती उठली. पण गेली नाही. शाळेत मूल करतं तसा तिनं हात वर केला, आणि फर्नांडो मॅडमकडं बघून, जेवढं येत होतं तेवढ्या इंग्रजीत म्हणाली,

"प्लीज. नो रोसा. नोबडी डाय."

दस्तूर साहेबांच्या हातात टिश्यू तसाच राहिला.

फर्नांडो मॅडमनी काम थांबवलं. मारिसोलला शेजारच्या खोलीत बसवलं. मला कॉरिडॉरमध्ये.

आता नियम सांगतो, म्हणजे त्या मुलीनं काय पणाला लावलं ते कळेल. इंटरव्ह्यूमध्ये स्वतःबद्दल खोटी माहिती दिली तर मुलगी बाद. त्याच दिवशी सामान बांधून घरी. आणि घरी म्हणजे कुठं, तर जिथल्या बातम्यांत ती 'मेलेली मैत्रीण रचून सांगणारी' म्हणून येणार. मास्तरकी करणाऱ्या बाईला हे केवढ्याला पडतं, ते लहान गावात राहिलेल्यांना सांगायला नको. आता परीक्षकांच्या नजरेनं बघा: मुलगी काहीतरी बोलली, दुभाष्यानं एक हृदयद्रावक गोष्ट सांगितली, मग मुलगी घाबरून म्हणते, गोष्ट खोटी. खोटी कोणाची? स्पॅनिश कळणारा खोलीत एकटा मी.

निकम मॅडम पळत आल्या. चेहरा पांढराफटक.

"सर, काय झालं हो?"

सांगितलं.

"रिबनचा रंगसुद्धा?"

"लाल."

त्या भिंतीला टेकल्या. मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "सर, एक ऐका. पोरगी बोलली अन् मग घाबरली, असं म्हणा. ती उद्या तिच्या देशात जाईल. आपल्याला इथंच राहायचंय. असं मोठं काम या शहरात पुन्हा येईल का? तुम्हाला तरी कोण बोलावील?"

त्या वाईट बाई नाहीत. महिनाभर झोपल्या नव्हत्या. आणि मी त्यांना ताबडतोब नाही म्हणालो, असं लिहिलं तर ते त्या लाल रिबनीसारखं होईल. मी थोडा वेळ त्यावर विचार केला. पण दाराच्या काचेतून ती दिसत होती. गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली. रडत नव्हती, प्रार्थना करत नव्हती. बस स्टँडवर गाडीची वाट बघावी तशी बसली होती. जिच्या तोंडात मी मेलेली पोरगी घातली, ती बाई खरं बोलून मोकळी झाली होती, आणि मी आतून बाहेरून गाईड, अजून हिशेब करत होतो.

मी परीक्षकांच्या खोलीत गेलो आणि फर्नांडो मॅडमना सांगितलं. गोष्ट माझी. मुलगी फक्त नदी, कपडे आणि गार पाणी एवढंच म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या ठिकाणी शंभर टक्के खरं बोललो, आणि दस्तूर साहेबांनी त्यावर विश्वास ठेवला नाही.

"सभ्य गृहस्थ आहेत हे," ते इतरांना म्हणाले. "पोरीला वाचवायला दोष अंगावर घेतायत. इतकी बारीक गोष्ट कोणी जागच्या जागी रचतं का? रिबनचा रंग? हे तिनं यांना आधी बाहेर सांगितलं असणार."

"साहेब, मी रचतो. रोज रचतो."

"बघा! किती दिलदार."

फर्नांडो मॅडमनी हात वर केला. "दिलदारपणा तपासता येत नाही. रेकॉर्डिंग तपासता येतं." प्रत्येक इंटरव्ह्यूचा आवाज रेकॉर्ड होत होता; तोही नियमच. "पण स्पॅनिश समजणारं तिसरं माणूस पाहिजे. स्पर्धेतलं कोणी चालणार नाही. तुमचे मित्रही चालणार नाहीत, मिस्टर शेळके. या शहरात असं कोणी आहे, ज्याला स्पॅनिश येतं आणि जो तुमची बाजू घेणार नाही?"

असा एक माणूस होता. म्हणजे एकच होता, आणि त्याचं नाव घ्यायला माझी जीभ रेटेना.

इरफानभाई खुलताबादला राहतो. स्पॅनिशचा गाईड. आमची तीस वर्षांची टक्कर. वेरूळच्या तिकीट खिडकीपाशी स्पॅनिश गाडी लागली की आम्ही दोघं दोन्हीकडून धावत सुटायचो, आणि सीझनभर आमची बोलचाल बंद. मी फोन लावला.

"इरफानभाई, शेळके बोलतोय."

"शेळके? अल्ला खैर करे, कौन गुजर गया?"

"कोणी नाही. तोच प्रॉब्लेम आहे. तू हॉटेलवर ये. मी काय बोललो ते चूक आहे, असं तुला मोठ्या लोकांपुढं सांगायचंय."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "पाच मिनट में निकल्या."

डोंगर उतरून शहरात यायला वेळ लागतो. पण मला वाटतं, त्या दिवशी त्याची स्कूटर उताराला इंजिनशिवायही आली असती. इस्त्रीचा पठाणी घालून आला, अत्तर लावून.

इथं फर्नांडो मॅडमनी जे केलं ते मी अजून विसरलो नाही. त्यांनी इरफानला काय झालं ते सांगितलंच नाही. मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या पाठीमागं बसवलं. रेकॉर्डिंगमधला फक्त मारिसोलचा आवाज वाजवला आणि माझा सुरू व्हायच्या आत बंद केला. "हिनं काय सांगितलं? तेवढंच सांगा."

इरफान हा वेरुळात एका हत्तीवर तासभर बोलणारा माणूस. मला धास्ती की हा आता आपली वेगळी कहाणी घालतो, म्हणजे दोन रोसा होतील. पण त्यानं हात मागं बांधले आणि पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. नदी. मुलगे पोहतात. मुली कपडे सांभाळतात. आवडत नव्हतं. शनिवार. पाणी गार.

"आणखी?"

"बस मॅडम. इतनाच बोली बच्ची."

मग त्यांनी माझं इंग्रजी वाजवलं. रिबन तरंगली, तसा इरफान फसकन हसला. तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते.

"यात हसण्यासारखं काय आहे?" दस्तूर साहेब जरा तापून म्हणाले.

"माफ करना साब. ये रिबन मेरे पहचान की है." तो वळून माझ्याकडं बोट दाखवत म्हणाला. "वेरूळ में एक मूरत है, छोटी लडकी की. ये शेळके तीस साल से बोलता, कि शिल्पकार की बेटी थी, धबधबे में डूब गई, लाल फीता पानी पे तैरता रहा, तो बाप ने पत्थर में बनाई. स्पेन की आधी औरतें उसके सामने रो के गई. आज लडकी को इस बच्ची के गाँव भेज दिया, और क्या."

दस्तूर साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत विश्वास होता. फार उशिरा आलेला, पण पूर्ण.

मुलगी सुटली. पण काम संपलं नव्हतं. तिला जे मार्क पडले होते ते रोसाचे होते. एक परीक्षक म्हणाले, तिला नवा प्रश्न विचारू, नव्यानं संधी देऊ, चूक तिची नव्हती. मलाही ते पटलं. फर्नांडो मॅडम म्हणाल्या, "बाकीच्यांना दुसरी संधी मिळाली का? दया आली म्हणून हिला जास्त देणं, हेही तेच. तिचं उत्तर तेच राहील. आधीचे मार्क रद्द. आत्ता जे ऐकलं त्याला मार्क द्या."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "आणि मिस्टर शेळके ज्यांच्या ज्यांच्यासाठी बोलले, त्या सगळ्यांचं पुन्हा ऐकायचं."

जेवण थंड झालं. कोणी कुरकुरलं नाही. उलट दस्तूर साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मारिसोलसाठी माझे मार्क धरू नका. मी प्रामाणिकपणे सांगतो, ती रिबन माझ्या डोक्यातून जात नाही. मी तिला जास्त देईन, नाहीतर रागानं कमी देईन. बरोबर काही मला देता येणार नाही." एवढा नावाजलेला माणूस सगळ्यांदेखत म्हणतो की माझा तराजू आज बिघडलाय. तिच्यापुरते ते उठले आणि बाहेर जाऊन बसले. मी किती वर्षं पानटपरीवर या लोकांबद्दल काय काय बोललो होतो!

मग डॅनिएलाचं रेकॉर्डिंग लागलं. दस्तूर साहेबांना आत बोलावलं. सौंदर्य म्हणजे काय? इरफाननं ऐकलं आणि सांगायच्या आधी स्वतःच हसला. मग नीट सांगितलं: "आज सकाळी माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीनं मला मेकअपशिवाय पाहिलं आणि हॉटेलची नोकर समजून टॉवेल मागितले. मी नेऊन दिले. तिनं आभारही मानले. सौंदर्याबद्दल माझा अनुभव सध्या एवढाच आहे."

सातही परीक्षक खदखदून हसले. एक बाई तर टेबलावर डोकं टेकून हसल्या. फर्नांडो मॅडमही हसल्या. म्हणजे त्यांना विनोद कळत होता. फक्त तो विनोद असावा लागत होता.

मग माझं भाषांतर वाजवलं. "सौंदर्य हे बाह्य रूपात नसून नम्र सेवेत असतं."

मी भिंतीचा रंग बघत होतो. चांगला रंग होता.

एकीला मी नसलेलं दुःख दिलं होतं, आणि दुसरीचं असलेलं हसू काढून घेतलं होतं. दोन्ही वेळा मला वाटत होतं, मी पोरींचं भलं करतोय.

संध्याकाळी हॉटेलच्या लॉनवर दहा नावं पुकारली. डॅनिएलाचं नाव आलं. ती ओरडून उडी मारून शेजारणीच्या गळ्यात पडली. शेजारीण म्हणजे टॉवेलवालीच असावी. मारिसोलचं नाव आलं नाही. थोडक्यात हुकलं असं निकम मॅडमना कळलं. थोडक्यात म्हणजे किती, ते त्यांनाही सांगितलं नाही. मारिसोल टाळ्या वाजवत होती, रुंद हातांनी, मोठ्यानं, खेळाच्या मास्तरणी वाजवतात तशा.

मी जवळ गेलो. तीस वर्षं स्पॅनिश बोलतोय, पण माफी मागायची वाक्यं मला शोधावी लागली. मग विचारलं, "तू गप्प बसली असतीस तर आज त्या दहांत असतीस. का बोललीस?"

तिनं माझ्याकडं नवल करत बघितलं. "आमचं गाव लहान आहे, सेन्योर. हे टीव्हीवर आलं असतं तर 'कोण रोसा?' म्हणून पहिली माझी आई विचारती. मग नदीकाठची सगळी. आणि शनिवारी त्या मुली माझ्यामागं पाण्यात उतरतात. मी म्हटलं इथं खोल नाही, तर खोल नसतं. म्हणून उतरतात." मग जरा ओशाळून म्हणाली, "पण वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? मला फायनलला जायचं होतं."

निकम मॅडमनी मला नंतर कधी बोलावलं नाही. स्पॅनिशची कामं आता इरफानला जातात, आणि तो प्रत्येक वेळी मला फोन करून सांगतो. फर्नांडो मॅडमनी मात्र जाताना हात मिळवला. "तुम्ही वाईट दुभाषे आहात, मिस्टर शेळके. आणि परीक्षक तर कधीच होऊ नका."

"परीक्षक का नको?"

"तुम्हाला सगळ्यांनाच पास करायचं असतं. मग जी खरंच पास झाली तिचं काय करायचं?"

घरी आलो. मंगल ताट वाढत होती. मी सगळं सांगितलं. यावेळी रंग न भरता. तिला ते जाणवलं असावं, कारण तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही.

"मग ती पोहणारी पोरगी हरली?"

"हरली."

"तुमच्यामुळं?"

"नाय," मी म्हणालो. "माझ्यामुळं ती जिंकली असती."

मंगलनं भाकरी ताटात टाकली. दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य सुधारू नये, एवढं एक त्या दिवशी शिकलो. त्यात आपण चांगलं घातलं तरी ते त्याचं राहत नाही.